घास गिळेपर्यंत

कुत्रं जेवायलंय आणि बाई दाराच्या आड उभी राहून त्याचा एकेक घास बघत थरथर कापायलीय, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तशी भिणारी बाई नाही. शाळेत माझ्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप होतो, आणि गल्लीत कुणी वाकडं बोललं तर त्याच्या दारात जाऊन दोन शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्या उन्हाळ्यात मी भ्याले. इतकी भ्याले की अजूनही कुत्र्यानं पाणी पिताना जराशीक मान झटकली तरी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते.

आमचं गाव ताडकळसपासून जवळच. विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात मी आणि आमचे हे, रेल्वेतून रिटायर झालेले, म्हणजे दिवसभर पेपर वाचणारे आणि चहा मागणारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक नांदेडहून आलेली, तिची नुकतीच बोलायला लागलेली पोरगी सोबत. आणि अंगणात कुत्रं. त्याला नाव असं कधी ठेवलंच नाही. 'यू यू' केलं की यायचं, मग नाव कशाला पाहिजे? लेक शाळेत जायची तेव्हा तिच्या मागं मागं आलेलं पिल्लू हे. तिचं शिक्षण झालं, लग्न झालं, पोरगी झाली, आणि हे म्हातारं झालं. तोंडावरचे काळे केस पांढरे पडले, डोळ्यांवर निळसर पडदा आला, उठताना मागचे पाय लटपटायला लागले.

त्याचं म्हातारपण मला पहिल्यांदा कळलं ते जेवणावरून. भाकर टाकली की वरच्या वर झेलणारं कुत्रं आता भाकर तोंडात धरून नुसतंच उभं राहायचं. चावायचं, सोडायचं, परत उचलायचं. अर्धी भाकर मातीत जायची. मला आधी रागच आला. म्हटलं, लेक आल्यापासून मेल्याचे लाड झालेत, दूधभाताची चटक लागलीय. मग एक दिवस त्यानं टाकलेल्या तुकड्यावर रक्ताचा लहानसा डाग दिसला आणि माझा राग जागच्या जागी विरला. दात दुखायलेत बिचाऱ्याचे, आणि मी बसलेय शिव्या घालत.

तेव्हापासून त्याच्या जेवणाची तऱ्हा बदलली. ज्वारीच्या ताज्या भाकरीच्या कडा काढायच्या, फोडणी घालायच्या आधी वरणाचं पाणी बाजूला काढायचं, त्यात भाकर भिजवून हातानं कुस्करून पार लापशी करायची. कांदा नाही, तिखट नाही. गार झालं की त्याला वास येईना, म्हणून कोमट. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं, दोनाच्या जागी चार वेळा. लय दुखायला लागलं की मी हातानं घास तोंडात ठेवायची. आमचे हे पेपरच्या आडून म्हणायचे, "मला बी कधी अशी भाकर कुस्करून दे की."

"तुमचे दात पडूद्या, मग देते," मी म्हणायची.

अशात गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आमच्या चुलत दिरांची म्हैस मेली. त्यांना मी भावजी म्हणते. म्हैस नुकतीच व्यालेली. खरवस सगळ्या गल्लीत वाटला होता, आमच्याकडंही वाटी आली होती, सगळ्यांनी चवीनं खाल्ला होता. नंतर म्हैस रेकायला लागली, तोंडाला फेस, दाव्याला हिसडे. भावजींनी काहीतरी घशात अडकलंय म्हणून तोंडात हात घालून बघितलं, पण काही सापडलं नाही, आणि म्हैस गेली. मग कुणाला तरी आठवलं की मागं शेताकडं एक भटकं, पिसाळल्यासारखं कुत्रं तिच्या अंगावर गेलं होतं.

मग काय विचारता! अख्खी गल्ली मिळेल त्या वाहनानं पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात. म्हातारे, बाळंतिणी, कडेवरची लेकरं, सगळे दंड उघडे करून उभे. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खरवस शिजवलेला होता, त्यानं काही होत नाही. म्हशीच्या तोंडात हात घातलेल्या भावजींना तेवढी इंजेक्शनं चालू केली आणि बाकीच्यांना परत पाठवलं. ऐकायला बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. उलट झालं. सुई न टोचता परत आल्यामुळं लोक जास्तच भ्याले. टोचून घेतलं असतं तर रात्री झोपले तरी असते. आता जो तो आपलं तोंड आरशात बघायचा, लेकरानं पाणी नको म्हटलं की आई रडायला लागायची.

आणि मग लोकांनी काठ्या काढल्या. दोन भटकी कुत्री ओढ्याकडं हाकलत नेऊन मारली. त्यातलं एक तर नुसतंच लंगडं होतं, वर्षानुवर्षं शाळेसमोर बसायचं, मला ठाऊक होतं. त्याचं ओरडणं आमच्या अंगणापर्यंत आलं. आमचं म्हातारं उठलं, शेपूट पायांत घालून न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मी कानावर पदर धरून घरात उभी होते. माझी बोलती बंद झाली होती, आणि माझी बोलती बंद होणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा.

त्यानंतर चार दिवस गेले असतील नसतील, आमच्या कुत्र्यानं पाणी प्यायचं सोडलं.

आधी मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, लापशीतून पाणी जातंय की पोटात. पण ऊन असं की अंगणातली फरशी पाय ठेवू देईना, आणि कुत्रं पाण्याच्या भगुण्याजवळ जायचं, थांबायचं, परत फिरायचं. त्या दिवशी सकाळी भावजी आमच्याकडं आले होते, ह्यांच्याशी बोलत दारात उभे होते. मी भगुण्यात ताजं पाणी ओतलं आणि यू यू केलं. कुत्रं आलं. मान अर्धी खाली घातली. आणि त्याच्या सगळ्या अंगातून एक कळ गेल्यासारखी झाली, ते कण्हलं, मग गुरगुरलं, आणि मागं सरकलं. तोंडातून लाळेची लांब तार लोंबत होती. मी भगुणं पुढं सरकवलं. परत तेच. ह्या खेपेला त्यानं दात दाखवले, मला, ज्या हातानं मी रोज त्याला घास भरवत होते त्या हाताला.

भावजी एकदम हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मागं सरा."

"काहून?"

"मागं सरा म्हणतो ना. पाण्याला भ्यायलंय ते."

मी मागं सरले. पायाखालची जमीन हलली म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. कारण मला माझा हात आठवला नाही, मला आदल्या दिवशीची संध्याकाळ आठवली. नात अंगणात धावताना पडली होती, गुडघा खरचटला होता, आणि कुत्र्यानं जाऊन तो गुडघा चाटला होता. आम्ही हसलो होतो सगळे. 'बघ, डॉक्टर आला' असं मीच म्हणाले होते.

लेक दारात येऊन उभी राहिली होती. तिला सांगायची गरजच पडली नाही. "आई," ती म्हणाली, "काल त्यानं चाटलंय की हिला." आणि पोरीला उचलून नळाकडं पळाली.

साबण लावून लावून गुडघा धुतला. पोरगी किंचाळत होती, लेक रडत होती, आणि मी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत घासत होते. मग पूर्णा. डॉक्टर तेच. त्यांनी नातीला इंजेक्शन दिलं, मलाही दिलं, पुढच्या तारखा सांगितल्या आणि विचारलं, "कुत्रं जिवंत आहे ना? मग मारू नका. बांधून ठेवा, दहा दिवस नजर ठेवा. तेवढे दिवस नीट जगलं तर समजा की त्या चाटण्यातून काही धोका नव्हता. इंजेक्शनं मात्र मी सांगेपर्यंत चुकवू नका."

घरी येईस्तोवर दारात माणसं जमलेली. भावजी पुढं, हातात काठी. आमचे हे दाराला पाठ लावून उभे होते.

"वहिनी, आता दया करायचा वख्त न्हाई," भावजी म्हणाले. "तुमच्याच घरात लेकरू हाय."

मी पायरीवर चढले आणि माझा आवाज मला परत सापडला. "मारता? मारा की! आणि मग माझ्या नातीला काय झालंय, काय न्हाई, ते कोण सांगणार? तुमी सांगणार का? ते कुत्रं जगलं तरच मला कळणार हाय. त्याला हात लावाल तर याद राखा, सांगून ठेवते."

मग शेवटी असं ठरलं की कुत्रं घराच्या मागं साखळीनं बांधायचं, आणि गल्लीतल्या माणसांनी रोज येऊन बघायचं. जेवलं, प्यालं तर ठीक. जेवण तुटलं की मग मी मधी पडायचं नाही. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्याचा जीव त्याच्या घासावर आला, आणि त्या घासावर माझ्या नातीची काळजी. असला सौदा मी कधी केला नव्हता.

बांधायला आमचे हे गेले, हातात लांब काठी आणि साखळी. त्यांना वाटलं अंगावर येईल. ते आपलं आपणहून आलं, शेपूट हालवत, आणि गळा पुढं करून उभं राहिलं. घरात आल्यावर ह्यांनी चहासुद्धा मागितला नाही. मग पेपर उचलला आणि उलटाच धरून बसले.

साखळी बांधली होती ती मागच्या खिडकीबाहेरच्या कूलरच्या लोखंडी स्टँडला. दुपारी आम्ही त्या खोलीत बसलो होतो, पोरगी दमून झोपली होती. आणि कूलरमधून आवाज यायला लागला. चप, चप, चप. लेकीनं माझा दंड धरला. पंख्याचा आवाज नव्हता तो, पाण्याच्या ठिबकण्याचाही नव्हता. मला वाटलं, आता ते वेड्यासारखं लोखंड चावायलंय, आता साखळी तुटणार. दुसऱ्या खोलीच्या खिडकीतून मी हळूच वाकून बघितलं.

कुत्रं सरळ उभं होतं, मान न वाकवता, आणि त्याच्या तोंडासमोर येणारं कूलरचं ओलं गवत चाटत होतं. अधाश्यासारखं. पाणी त्याच्या हनुवटीवरून गळत होतं.

"अगं बाई!" मी एवढ्या जोरात म्हणाले की पोरगी उठली. "पाण्याला न्हाई भ्यायलंय ते. वाकायला भ्यायलंय!"

स्वयंपाकघरातला पाट उचलला, अंगणातून विटा आणल्या, एकावर एक मांडून वर पाट ठेवला, पाटावर भगुणं. कुत्र्याच्या छातीएवढी उंची झाली. ते सगळं साखळीच्या टप्प्याच्या काठावर मांडलं आणि पाटावरचं भगुणं झाडूच्या दांड्यानं हळूहळू आतल्या कडेला सरकवलं. हे ओरडायलेत, "अगं लांब हो, लांब!" अर्धं पाणी वाटेतच सांडलं. कुत्र्यानं भगुण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तोंड पुढं केलं आणि प्यायला लागलं. भगुण्याचा तळ दिसेपर्यंत प्यालं. मधे एकदा ठसका लागला तेव्हा मी दांडा उगारला होता, हेही सांगते, कारण मी काही सिनेमातली बाई नाही.

मी ताडकळसच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. आनंदानं ओरडूनच सांगितलं, पाणी प्यालं म्हणून. ते गावोगाव लसीकरणाला हिंडत होते, मागं गाड्यांचा आवाज येत होता. म्हणाले, "प्यालं, चांगलं झालं. पण बाई, नुसत्या त्यावर जाऊ नका. पिसाळलेलं कुत्रंही काही वेळा पाणी पितं. मागच्या साली मीच त्याला लस दिली असली तरी डोळे झाकून राहू नका. तोंडात हात घालायचा नाही, जवळ जायचं नाही. मी मोकळा झालो की येतो."

फोन ठेवला आणि मी खालीच बसले. म्हणजे अजून काहीच कळलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी सगळे आले, काठ्या घेऊन. गोल करून उभे राहिले. मी पाटावर लापशी सरकवली. कुत्र्यानं एकदा ह्या माणसाकडं बघितलं, एकदा त्या, आणि तोंड फिरवलं. "बगा, खाईना," मागून कुणीतरी म्हणालं. माझं डोकं फिरलं.

"अरे, तुमच्या ताटासमोर कुणी काठ्या घेऊन उभं राहिलं तर तुमी जेवाल का? सरका! भिंतीच्या पल्याड जावा सगळे, तिथून बघा!"

गेले बापडे. भिंतीवरून डोकी तेवढी दिसायची. पण तरी कुत्रं जेवेना, पुढचे पाय फरशीवर घसरायचे, मान पुढं केली की तोल जायचा. मी त्याच्या पायाखाली जाईल असं एक पोतं दांड्यानं ढकललं. पोत्यावर पाय रोवले तसं ते स्थिर झालं. पहिला घास घेतला. तोंडात घोळवला. निम्मा सांडला. मी श्वास धरून बघत होते, त्याच्या गळ्याकडं, तिथली कातडी हलते का. हलली.

"गिळलं! गिळलं!" भिंतीपलीकडून एक बाई ओरडली. कुत्रं दचकलं, पाटाला धक्का लागला, भगुणं खणकन खाली. सगळे असे पळाले म्हणता, की एकाची चप्पल आमच्याच दारात राहिली. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मला सांडलेली लापशी तेवढी दिसत होती, आणि अजून केवढे दिवस काढायचेत ते.

मग मी शिकत गेले. हलकं भगुणं काढून जड पितळी परात ठेवली, सरकत नाही अशी. जागा बदलायची नाही, कारण त्याला धड दिसत नव्हतं. बाजूनं जायचं नाही, समोरून जायचं, आधी परातीवर चमच्यानं टकटक करायची म्हणजे ते दचकत नाही. लापशीत गाठ राहू द्यायची नाही, एक गाठ आली की ते तोंड वेंगाडायचं, आणि तोंड वेंगाडलं की भिंतीवरची डोकी एकमेकांकडं बघायची. लोकांचा धीर थोडा वाढला तशी त्यांची जीभही सुटली. "वहिनी, पाटावर जेवायलंय, जावई हाय का हे तुमचं?"

"जावई बरा," मी म्हणायची, "तो जेवायला बसला की कुणी काठी घेऊन राखण करीत न्हाई."

तोंडानं मी असं बोलायची, पण घरात माझी काय गत होती ते माझं मला ठाऊक. नात शिंकली की मी तिचं कपाळ बघायची. ती पाणी मागायची तेव्हा जीव भांड्यात पडायचा, आणि नको म्हणायची तेव्हा लेक माझ्याकडं अशी बघायची की मला तिच्या डोळ्यात बघवत नव्हतं. ती काही बोलली नाही, हेच लय होतं. बोलली असती, भांडली असती, तर मी भांडले असते.

मग एक दिवस कुत्रं सकाळी जेवलं नाही. दुपारी जेवलं नाही. लापशी परातीत वाळली. भिंतीवर डोकी होती, पण त्या दिवशी थट्टा नव्हती. भावजी सगळे गेल्यावरही थांबले. काठी भिंतीला टेकवली होती. मी म्हटलं, आता हे बोलणार, आणि कमरेला पदर खोचून तयार झाले.

"वहिनी," ते म्हणाले, आणि वाळलेल्या लापशीकडं बघत राहिले. "काल मला बी गिळताना दुखलं."

मी बघतच राहिले. हा माणूस, गल्लीत सगळ्यात पुढं काठी घेऊन येणारा. तोंड सुकलेलं, ओठ फुटलेले. मला एकदम लक्षात आलं की किती दिवसांत मी ह्यांना आमच्याकडं पाणी पिताना बघितलं नव्हतं. म्हशीच्या घशात हात घातलेला होता त्यांनी. इंजेक्शनं घेत होते, डॉक्टरांनी धीर दिला होता, तरी ते रोज आमच्या कुत्र्याचं गिळणं बघायला यायचे ते काही गल्लीसाठी नाही. मला आधी राग आला, की ही तऱ्हा असती का भ्यायची, दुसऱ्याच्या जिवावर? मग राग गेला. मी तरी काय वेगळं करत होते?

मी आत गेले, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले. "घ्या. माझ्यासमोर प्या."

त्यांनी तांब्या घेतला. माझ्याकडं बघत बघत त्यांनी एक घोट घेतला, थांबले, परत घेतला, आणि मग तांब्या रिकामा केला. नरड्यावर हात फिरवला. "जातंय की," ते म्हणाले आणि लेकरासारखे रडायला लागले.

"जातंय ना? मग झालं तर. उन्हानं घसा धरलाय तुमचा. उगंच बेजार झालाव. तरी दवाखान्यात दाखवून या, ह्या खेपेला मनात ठेवू नका."

ते उठून गेले आणि थोड्या वेळानं परत आले, हातात घरच्या कोंबडीची अंडी घेऊन. मला म्हणाले, "भाकर नगं वाटत आसंल त्याला. हे उकडून बगा." मी अंडी उकडली, चमच्यानं पार पीठ केली, गरम पाण्यात सैल केली. परातीवर टकटक केली. भावजी भिंतीपलीकडं गेले नाहीत, तिथंच दूर उकिडवे बसले. कुत्र्यानं नाक उचललं. उठायला त्याला लय वेळ लागला. आलं, पोत्यावर पाय ठेवले, परातीत तोंड घातलं. भावजी पुटपुटत होते, "खा बाबा, खा. खा की रे राजा." मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला माझंच सावरत नव्हतं. सगळी परात चाटून पुसून झाली तेव्हा आम्ही दोघंही भिजलेल्या माणसांसारखे घामानं थबथबलेलो होतो.

तिथून पुढं त्याचं जेवण तुटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटून गेले, आणि कुत्रं उभं होतं, परातीची वाट बघत. गुरांचे डॉक्टर आले. जाड हातमोजे घातले, पट्टीनं तोंड बांधलं, मग एका बाजूनं ओठ वर करून बघितलं. मागची मोठी दाढ फुटून मुळापर्यंत सडली होती, आत पू. मानही दाबली तर कण्हायचं, मणके आखडलेले. "म्हातारं झालंय, बाकी काही नाही," ते म्हणाले. "ह्यालाच तुम्ही पिसाळलेलं म्हणत होता होय?" ताडकळसला नेऊन दाढ काढली, औषधं दिली, आणि बजावलं, पाट काढू नका, आता कायम असंच वर जेवूद्या.

गल्लीत खबर जायला काय लागतंय! त्या दिवशी साखळी सोडली. बाया येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. ज्यांनी काठ्या आणल्या होत्या त्यांची लेकरं त्याच्याशी खेळायला लागली. भावजी तर रोज सकाळी 'जेवला का आमचा पैलवान' म्हणून विचारायचे. मीही सगळ्यांना सांगत होते, मी म्हटलं नव्हतं का, म्हणून. मोठ्या तोऱ्यात.

नातीची इंजेक्शनं झाली, सुट्टी संपत आली, जावई गाडी घेऊन आले. सामान भरून झालं. लेक पोरीला घेऊन अंगणात आली. कुत्र्याची जेवायची वेळ होती, ते पोत्यावर उभं होतं. मी परात ठेवतच होते, तेवढ्यात पोरगी माझ्याजवळ आली, कुस्करलेल्या भाकरीतला घास आपल्या मुठीत घेतला आणि हात त्याच्या तोंडाकडं नेला.

मी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"द्या की वहिनी, भरवू द्या तिला," भावजी म्हणाले. "काय करीत न्हाई ते. आता काय भ्यायचं?"

"हो ना आई," लेक म्हणाली. तिचा चेहरा हसरा होता, कितीतरी दिवसांनी.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी ज्यांच्याशी भांडले, ज्यांना भिंतीपलीकडं हाकललं, ते सगळे खुशाल उभे होते. मलाही ठाऊक होतं, दाढ होती ती, नुसती दाढ, आणि तीही आता नव्हती. मी हसल्यासारखं केलं. म्हटलं, "भरव हं, भरव." तिचा हात माझ्या हातातच ठेवून मी पुढं नेला. कुत्र्यानं मान पुढं केली, जिभेच्या टोकानं अगदी सांभाळून तो घास उचलला, तिच्या बोटांना दातही लागू दिला नाही. घोळवला. गिळला. पोरगी खुदकन हसली आणि दुसरा घास घ्यायला हात ओढायला लागली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "सोड की तिचा हात."

मी खाली बघितलं. तिच्या एवढ्याशा मनगटावर माझी पाचही बोटं लाल उमटली होती.